टाकीच्या तळाचं पाणी

अगं बाय, मे संपत आला. एक जूनपासून मासेमारी बंद. बोटी वर ओढायच्या, शाकारायच्या, जाळी दुरुस्तीला काढायची, खलाशांचा हिशोब चुकता करायचा. या धांदलीत एक काम दरवर्षी राहून जातं आणि त्याची किंमत ऑगस्टमध्ये मोजावी लागते. ते काम डिझेलच्या टाकीचं. आता बोटीचा हिशोब तू बघतेस. मच्छीमार संस्थेचं डिझेल तू आणवतेस, डिझेलवरच्या कर-परताव्याच्या कागदांमागे तू धावतेस. मग ते डिझेल टाकीत पडल्यावर पुढे त्याचं काय होतं, हेही तुला ठाऊक हवं. इंजिनाचं काय ते भावोजी आणि तांडेल बघतील, असं म्हणून लांब राहू नकोस.

आमचं पंप-नोझलचं वर्कशॉप बंदराला लागून, त्यामुळे हे सगळं जवळून बघायला मिळतं. बंदी उठते, बोटी बाहेर पडतात आणि थोड्याच दिवसांत एकेक जण दारात येऊ लागतो. ‘ताई, इंजिन ओढत नाही.’ ‘रेस वाढवली की बसतं.’ ‘काल नवा फिल्टर टाकला, आज पुन्हा चोंदला.’ तो फिल्टर उघडावा, तर कागदाच्या घड्यांवर काळपट, बुळबुळीत थर बसलेला. बोटाला लागला तर सहज निघत नाही आणि त्याला कुजट वास येतो. अशा कितीतरी बोटींचं इंजिन ठणठणीत असतं. दुखणं टाकीत असतं. तरी खर्च होतो तो नोझलवर, पंपावर, कधीकधी सगळं इंजिन खोलण्यावर.

म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगते. बाकीचं विसरलीस तरी एवढं लक्षात ठेव: टाकीत पाणी राहू देऊ नकोस. पाणी नसेल तर तो बुळबुळीत थर धरणारी कीड वाढत नाही. पाणी असेल तर कितीही महागाचं औषध आण, ती परत येते.

डिझेलला कीड कशी लागेल, असं वाटेल तुला. ते पिऊन कोण जगणार? पण जगतात. बुरशी, यीस्ट आणि जिवाणू, तिघंही. त्यातली एक बुरशी तर इंधनासाठीच प्रसिद्ध आहे, हॉर्मोकॉनिस रेझिनी नावाची. रॉकेलच्या जातीच्या विमानाच्या इंधनात ती इतकी आढळली, की तिला रॉकेलची बुरशीच म्हणू लागले. डिझेल म्हणजे शेवटी कार्बन आणि हायड्रोजन यांच्या साखळ्या, आणि या जीवांना ते अन्न पचवता येतं. मात्र त्यांना राहायला पाणी लागतं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी तळाशी बसतं आणि डिझेल त्याच्यावर तरंगतं. जिथे दोघं एकमेकांना टेकतात, त्या रेषेवर ही वस्ती होते. खाली पाणी, वर अन्न. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की बुरसा धरतो ना, तसंच हे. तेल आणि मीठ सगळं जागच्या जागी असतं, बिघडवतो तो ओला चमचा.

आपल्याकडे बरेच जण याला ‘डिझेलमधलं शेवाळ’ म्हणतात. शेवाळाला उजेड लागतो, बंद टाकीत ते वाढायचं नाही. हे एवढ्यासाठी सांगते, की कोणी शेवाळावरचं औषध विकायला आलं, तर घेऊ नकोस.

ही वस्ती नुसती बसून राहत नाही. ती चिकट पडदा विणते आणि त्याच्या आत सुरक्षित राहते. आम्लं सोडते, ती पत्र्याला खातात. पडद्याखाली जिथे हवा पोचत नाही, तिथे आणखी एका जातीचे जिवाणू वाढतात. ते सल्फेटवर जगतात आणि सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, हे ध्यानात घे. म्हणजे टाकीत गोडं पाणी शिरणं वाईट आणि खारं शिरणं त्याहून वाईट. या जिवाणूंखाली लोखंडाला खड्डे पडतात. वरून टाकी चांगली दिसते आणि तळाला सुईएवढं भोक पडून डिझेल बोटीच्या पोटात झिरपत असतं.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ साली जमिनीखालच्या ४२ डिझेल टाक्या आतून तपासल्याचा अहवाल दिला. त्यांतल्या ८३ टक्के टाक्यांत मध्यम किंवा गंभीर गंज होता, आणि मालकांपैकी पाव लोकांनासुद्धा त्याचा पत्ता नव्हता. सूक्ष्मजीवांमुळे होणारा गंज हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं गेलं. त्या टाक्या बंदिस्त, पक्क्या बांधलेल्या. आपली टाकी तर खाऱ्या वाऱ्यात उभी.

आता पाणी येतं कुठून, ते बघ. हा भाग समजून घेतलास, तर निम्मं काम झालं.

पहिली वाट डेकवरच्या झाकणाची. भरणाच्या तोंडाला रबरी वायसर असतो. तो उन्हाने कडक होतो, चिरतो, आणि डेक धुताना किंवा लाट आली की पाणी आत जातं. दुसरी वाट हवेच्या नळीची. तिचं तोंड खाली वळलेलं हवं. सरळ वर असेल, तर पावसाळाभर ती पन्हळच झाली म्हण. तिसरी वाट बॅरलची. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलच्या डोक्यावर पावसाचं पाणी साचतं, रात्री बॅरल थंड होऊन आतली हवा आकसते आणि बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढलं जातं. म्हणून बॅरल आडवं ठेवायचं किंवा छपराखाली.

चौथी वाट डोळ्यांना दिसत नाही. टाकी जितकी रिकामी, तितकी तिच्यात हवा जास्त. आपल्याकडची पावसाळी हवा किती दमट, ते तुला सांगायला नको. रात्री पत्रा गार पडला की आतून दव धरतं, थेंब ओघळतात आणि तळाला जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी ओलसर हवा पुन्हा आत येते. दोन महिने हे रोज चालतं.

पाचवी वाट खुद्द डिझेलची. प्रमाणातल्या चांगल्या डिझेलमध्येही किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं, तसा भारतीय मानकाचाच नियम आहे. हजार लिटर डिझेलचं वजन साधारण ८३० किलो. म्हणजे नियमात बसणाऱ्या डिझेलबरोबरही दीडशे ग्रॅमच्या वर पाणी येऊ शकतं. त्यातलं काही विरघळलेलं असतं आणि डिझेल थंड झालं की वेगळं होऊन खाली उतरतं. यात पंपवाल्याची लबाडी नाही, हा डिझेलचा स्वभाव आहे. त्यातून वनस्पती तेलापासून केलेलं बायोडिझेल मिसळलेलं असेल, तर ते पाणी जास्त धरतं आणि जीवांना पचायलाही सोपं जातं. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेलचं उद्दिष्ट ठेवलंय. म्हणजे पुढच्या काळात आपल्याला जास्तच जपावं लागणार. आणि बिनपावतीचं, स्वस्तातलं डिझेल कोणी देऊ केलं, तर सरळ नाही म्हण. त्यात काय मिसळलंय हे कोणीच सांगू शकत नाही, आणि कायद्याच्या कचाट्यात सापडशील ते वेगळंच.

मग बघायचं कसं? हे तू स्वतः कर. कोणावर सोपवू नकोस. निदान पहिल्यांदा तरी तुझ्या डोळ्यांनी बघ.

बोट वर ओढली की तिचा कल बदलतो. पुढची नाळ उंच राहते किंवा मागची वरामाची बाजू उंच राहते, आणि पाणी ड्रेन कॉकच्या विरुद्ध कोपऱ्यात जाऊन बसू शकतं. कॉक उघडला, स्वच्छ डिझेल आलं, म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि पाणी मागे तसंच राहतं. त्यामुळे पहिला नमुना बोट पाण्यात सरळ असतानाच घ्यायचा. रात्रभर इंजिन बंद, टाकी शांत, आणि सकाळी पहिलं काम हे. कॉक नसेल, तर माप घ्यायच्या भोकातून लांब नळी तळापर्यंत सोडून हातपंपाने ओढायचं. तोंडाने ओढायचं नाही, कोणालाही ओढू द्यायचं नाही.

नमुना रुंद तोंडाच्या, कोरड्या, पारदर्शक काचेच्या भांड्यात घे. तासभर हलवू नकोस. मग उजेडासमोर धर. चांगलं डिझेल फिकट पिवळं आणि आरपार दिसतं, पलीकडे वर्तमानपत्र धरलंस तर अक्षर वाचता येतं. खाली पाणी असेल, तर मध्ये स्पष्ट रेघ दिसेल. आता त्या रेघेकडे नीट बघ. रेघ स्वच्छ असेल, तर नुसतं पाणी आहे. रेघेवर तपकिरी-करडा पातळ पडदा असेल, भांडं हळूच फिरवल्यावर तो काचेला चिकटत असेल, त्याच्या चिंध्या खाली पाण्यात लोंबत असतील, तर कीड लागली. गंज वाळूसारखा तळाला जाऊन बसतो. हा पडदा मधल्या रेघेलाच धरून राहतो. पाणी चहाच्या रंगाचं असेल आणि त्याला कुजट वास येत असेल, तर वस्ती जुनी आहे.

आणखी एक सोपा उपाय. पेट्रोल पंपावर मापाच्या काठीला पाणी ओळखायची पेस्ट लावतात, ती दुकानात मिळते. काठीच्या टोकाला चोळायची, तळाला टेकवायची, थोडं थांबायचं. जितक्या उंचीपर्यंत पाणी, तितक्या उंचीपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. एक ट्यूब अख्खा हंगाम पुरते. आणि जुना फिल्टर काढलास की फेकायच्या आधी कापून बघ. त्यातला कागद उलगड. नुसती काळी भुकटी असेल तर निराळं, बुळबुळीत थर असेल तर निराळं. फिल्टर तुला टाकीची खबर देत असतो.

आता जे दिसलं, त्यावरून काय करायचं ते ठरव.

नुसतं स्वच्छ पाणी दिसलं, तर औषधाची गरज नाही. स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढ. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढ, कारण कोपऱ्यातलं पाणी सरकून येतं. मग ते आलं कुठून, ते शोध. वायसर बदल, नळीचं तोंड बघ. एवढ्यावर भागतं.

पातळ पडदा दिसला, फिल्टर बुळबुळीत निघाला, पण टाकीत जाड गाळ नाही, तर आधी पाणी काढायचं, मग औषध, मग वाट बघायची, मग पुन्हा तळ काढायचा. हाच क्रम. पाणी न काढता औषध ओतलंस, तर बरंचसं औषध त्या पाण्यातच खर्ची पडतं. शिवाय चिकट पडद्याच्या आत बसलेल्या जीवांपर्यंत ते पुरेसं पोचत नाही. मेले ते वरचे, उरले ते आतले, आणि थोड्या दिवसांत पुन्हा तेच.

जाड गाळ असेल, वास सुटला असेल, तर औषधावर पैसे घालवू नकोस. टाकी रिकामी करून साफ करावी लागेल. वरचं चांगलं डिझेल बारीक फिल्टरमधून गाळून वेगळं काढता येतं, तळाचं वापरायचं नाही. झाकण उघडून भिंती आणि तळ पुसून घ्यायचा, कोपरे आणि आडव्या पट्ट्यांच्या मागची जागा विसरायची नाही. टाकी पूर्ण कोरडी करायची. मिस्त्रीला तळाचा पत्रा ठोकून बघायला सांग, खड्डे पडले असतील तर आत्ताच पत्रा बदललेला बरा. मेलेली वस्तीसुद्धा टाकीत राहिली, तर तीच फिल्टरमध्ये येते. औषध मारतं, साफ करत नाही, हे मनात पक्कं कर.

आता हात जोडून सांगते, टाकीत कोणाला उतरू देऊ नकोस. डोकं आत घालूनही नाही. डिझेलची वाफ, सडक्या अंड्याचा तो वायू आणि आत प्राणवायू कमी, या तिन्हींपैकी एक गोष्टसुद्धा माणसाला बेशुद्ध पाडायला पुरते. तो वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास येईनासा झाला, म्हणजे वायू गेला असं नाही. एक पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो, असंच होत आलंय. मोठ्या टाकीत माणूस उतरवणं भागच असेल, तर वायू मोजायचं यंत्र, ताज्या हवेची सोय आणि बाहेर दोर धरून उभा माणूस असलेल्या जाणकारांकडूनच ते काम करून घे. आणि डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही म्हणून कोणी बिडी शिलगावेल, तर थांबव. आपल्या मानकात डिझेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ठिणगीने वाफ पेट घेते ते तापमान, कमीत कमी ३५ अंश सेल्सियस आहे. मे महिन्यातला तापलेला पत्रा सहज त्याच्या वर जातो.

औषधाबद्दल सविस्तर सांगते, कारण इथेच माणसं फसतात. याला बायोसाइड म्हणतात. बाटलीवर ते डिझेल इंधनासाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि ते डिझेल व पाणी दोन्हींत उतरणारं हवं, कारण जीव पाण्यात राहतात आणि आपण औषध ओततो डिझेलमध्ये. सीटेन वाढवणारं, इंजिन साफ ठेवणारं, धूर कमी करणारं असं काही दुकानदाराने पुढे केलं, तर ते हे नव्हे. फिनेल, ब्लीचिंग, रॉकेल असले घरगुती प्रयोग अजिबात नकोत. ब्लीचिंगमधलं क्लोरिन तर पत्र्यालाच खातं.

प्रमाण बाटलीवर पीपीएममध्ये दिलेलं असतं. म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. आपल्यासाठी हिशोब सोपा आहे: हजार लिटरला एक मिलिलिटर म्हणजे एक पीपीएम. बाटलीवर २०० पीपीएम लिहिलं असेल, तर हजार लिटरला २०० मिलिलिटर. टाकीत सहाशे लिटर डिझेल असेल, तर १२० मिलिलिटर. टाकी केवढी आहे ते धरायचं नाही, भरून झाल्यावर तिच्यात एकूण डिझेल किती असेल ते धरायचं. कागदावर लिही, दुसऱ्या माणसाकडून तपासून घे, आणि औषध मोजायच्या भांड्यानेच मोज. काही औषधांना दोन मात्रा असतात, लागलेली कीड मारायची मोठी आणि नंतर राखणीची छोटी. कोणती वापरतेस, ते बाटली वाचून ठरव.

जास्त टाकलं तर जास्त फायदा, असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांग. २६ फेब्रुवारी २०२० रोजी लंडनजवळच्या गॅटविकहून एक एअरबस ए३२१ विमान उडालं. त्याच्या इंधन टाक्यांत असेच सूक्ष्मजीव सापडले होते आणि त्यांवर औषध टाकलं होतं. उडाल्याबरोबर इंजिनं बिघडू लागली. वैमानिकांनी धोक्याचा संदेश दिला आणि विमान परत आणून सुखरूप उतरवलं. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाने शोध घेतला, तेव्हा औषध ठरलेल्या प्रमाणाच्या सुमारे ३८ पट पडलेलं निघालं. पीपीएमचा हिशोब चुकला होता. तिथे प्रशिक्षित माणसं होती, कागदपत्रं होती, तरी हे घडलं. मग आपण अंदाजाने झाकणभर ओतणं किती धोक्याचं, ते तूच बघ.

औषध डिझेल भरताना टाकायचं, अर्धं डिझेल गेल्यावर औषध आणि त्यावर उरलेलं डिझेल, म्हणजे ते नीट मिसळतं. हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांना चष्मा, आणि काम उघड्या हवेत. ही औषधं कातडीला आणि डोळ्यांना इजा करतात. मुलांच्या हाती लागेल अशी बाटली ठेवू नकोस. त्यानंतर बाटलीवर सांगितलेला वेळ थांब, बहुतेकांना एक ते तीन दिवस लागतात. थोडा वेळ इंजिन चालवून औषध लाइनमध्ये आणि फिल्टरच्या घरात पोचव, कारण कीड तिथेही असते. मग तळ पुन्हा काढ आणि फिल्टर बदल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबरशील. औषधानंतर फिल्टर पूर्वीपेक्षा लवकर चोंदतात. मेलेला पडदा सुटून फिल्टरवर येतो. औषध लागू पडल्याचं हे लक्षण आहे. म्हणून पहिल्या फेरीला बोटीवर जादा फिल्टर ठेव, पाणी वेगळं करणाऱ्या पहिल्या फिल्टरचेही आणि इंजिनाजवळच्या बारीक फिल्टरचेही. ते भर समुद्रात कसे बदलायचे आणि नंतर लाइनमधली हवा कशी काढायची, हे बोटीवरच्या निदान दोघांना येत असल्याची खात्री कर.

काढलेलं पाणी आणि गाळ खाडीत ओतू नकोस. त्यात तेल आहे, विष आहे आणि जिवंत कीडही आहे. ज्या खाडीत मासळीची पिल्लं वाढतात, तिथेच हे ओतलं तर आपल्याच पोटावर पाय येईल. झाकणाच्या ड्रममध्ये साठव आणि वापरलेलं तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे दे.

आता जूनची तयारी. बोट बंद करताना टाकीचं दोनांपैकी एक ठरव. एक तर काठोकाठ भर, प्रसरणाला थोडी जागा सोडून. म्हणजे हवा कमी, दव कमी. नाहीतर पूर्ण रिकामी करून, पुसून, वाळवून, तोंड बंद करून ठेव. अर्धी टाकी ठेवणं सगळ्यात वाईट. बंदीच्या महिन्यांत हाती पैसा नसतो आणि टाकीभर डिझेलमध्ये रक्कम अडकवणं सोपं नाही, हे मला कळतं. ते जमत नसेल, तर रिकामी आणि कोरडी ठेव, पण ‘थोडं आहे, राहू दे’ असं करू नकोस. टाकी भरून ठेवणार असशील आणि मागे कीड लागलेली असेल, तर बंद करण्याआधी राखणीची मात्रा देणं शहाणपणाचं. हवेच्या नळीला ताडपत्रीचा आडोसा कर, पण तोंड गच्च बांधू नकोस. जुलैच्या मध्यावर एकदा पेस्ट लावून काठी घाल. बोट पाण्यात उतरल्यावर, पहिल्यांदा इंजिन चालू करण्याआधी, तळाचा नमुना पुन्हा बघ. हंगामात तर दर फेरीआधी कॉक उघडायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

एका वहीत लिहून ठेव: डिझेल कधी आणि किती घेतलं, पाणी किती निघालं, फिल्टर कधी बदलला, कसा दिसला, औषध किती टाकलं. फिल्टर लवकर लवकर बदलावे लागू लागले, की वही तुला आधी सांगेल.

तांडेलाशी बोलताना मात्र जपून बोल. तो वर्षानुवर्षं समुद्रावर जातोय, इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं ओळखतो. टाकीत घाण आहे, असं एकदम म्हणालीस, तर त्याला ते लागेल. त्याच्यासमोर नमुना काढ, भांडं त्याच्याच हातात दे आणि विचार, ‘तांडेल, हे काय दिसतंय?’ त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, की पुढचं तोच करेल आणि खलाशांकडूनही करून घेईल. भावोजींना खर्चाची काळजी वाटली, तर दोन आकडे समोर ठेव: वायसर, पेस्ट आणि फिल्टरचा खर्च एका बाजूला, आणि हंगामाच्या सुरुवातीला बोट आठवडाभर बंद राहिली तर जाणारी मासळी, बर्फ आणि मजुरी दुसऱ्या बाजूला.

आणि पैशापलीकडचंही आहे. ऑगस्टमध्ये समुद्र अजून शांत झालेला नसतो. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत असतात, बाजूला खडक असतो आणि नेमक्या त्या वेळी इंजिनाला जोर हवा असतो. बोट हलली की तळाचा गाळही ढवळतो, म्हणून फिल्टर चोंदायचा तो अशाच वेळी चोंदतो. बोटीवर तुझा माणूस असतो. त्याच्याबरोबर कर्नाटकातून, नेपाळमधून पोटासाठी आलेली कोणाकोणाची मुलं असतात. त्यांच्या आयांना आपण ओळखत नाही, पण त्यांचा जीव आपल्या टाकीवर अवलंबून आहे. मला याची काळजी वाटते, म्हणून एवढं सगळं सांगतेय.

हे फक्त बोटीपुरतं नाही, हेही ध्यानात ठेव. जिथे डिझेल साठून राहतं आणि क्वचित वापरलं जातं, तिथे हाच धोका. तुझ्या नणंदेच्या इस्पितळातला जनरेटर, सोसायटीचा लिफ्टसाठीचा जनरेटर, बर्फ कारखान्याची टाकी. महिनेन् महिने कोणी बघत नाही आणि वीज गेली की त्याच क्षणी जनरेटर चालावा लागतो. इस्पितळासारख्या ठिकाणी तर नमुना प्रयोगशाळेत पाठवून जंतू मोजून घ्यावेत. काही मिनिटांत निकाल देणारी एटीपी चाचणीही असते. नणंदेला तू हे सगळं सांग.

तर उद्या सकाळी, इंजिन चालू व्हायच्या आत, काचेचं भांडं घेऊन बोटीवर जा आणि कॉक उघड. स्वच्छ निघालं, तर टाकी भर आणि निश्चिंत हो. पडदा दिसला, तर इंजिन चालू करू देऊ नकोस, फोटो काढ आणि मला फोन कर. औषधाची मात्रा आपण दोघी मिळून काढू आणि लागेल तर मी स्वतः येईन. शेजारच्या बोटीवाल्या बायकांनाही बोलावून ते भांडं दाखव. प्रत्येकीने आपापल्या टाकीचा तळ एकदा बघितला, तर यंदाच्या ऑगस्टमध्ये आपल्या बंदरातल्या बोटी वेळेवर बाहेर पडतील आणि वेळेवर घरी येतील.